खडूमावशी आणि झाकलेलं मीटर

खडूमावशीला लिहिता-वाचता येत नाही, ही बातमी त्या रस्त्यावर इतकी जुनी आहे की पहिल्यांदा ती कोणी सोडली हे सोडणाऱ्यालाही आठवणार नाही. न्हाव्याच्या दुकानात ती कात्रीच्या तालावर सांगितली जाते. दवाखान्याच्या बाकावर दोन खोकल्यांच्या मधे सांगितली जाते. आणि बेकरीवाल्या बाई तर पाव बांधता बांधता गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकतात, "हात सोन्याचे आहेत हो तिचे. पण अक्षराच्या नावाने ओ की ठो नाही. म्हणून तर गाडीचं मीटर झाकून ठेवते. वाचता आलं असतं तर झाकलं असतं का?"

पुरावा तसा बिनतोड आहे. मावशीच्या गॅरेजात येते ती एकाच जातीची गाडी, एटीव्ही. फुगीर टायरांची चार चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, आणि जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जायची हौस. त्या भागात तिला सगळे बेडूक म्हणतात, कारण ती नुसती उभी असली तरी उडी मारायच्या बेतात दिसते. हल्लीच्या बेडकांना डोकंही असतं. काही बिघडलं की हँडलजवळच्या छोट्या पडद्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि एक कोड उमटतो. आकड्यांचं पुस्तक उघडलं की कोणत्या भागाची तक्रार आहे ते कळतं. कुठलाही मेकॅनिक आधी तो कोड बघतो. मावशी मात्र गाडी आत आली रे आली की खिळ्यावरचा उशीचा अभ्रा काढते आणि पडद्यावर असा चढवते, जसा पोपटाच्या पिंजऱ्यावर चढवावा. मग स्टूल पुढे सरकवते आणि गाडीच्या मालकाला म्हणते, "बसा. आता सांगा."

तर खरी गोष्ट अशी की मावशीला वाचता येतं, आणि जरा जास्तच येतं. गाडीबरोबर येणारं जाडजूड पुस्तक, जे जगात कोणी उघडत नाही, ते ती पहिल्या पानापासून वाचते. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं लिखाण वाचते. पाव ज्या कागदात बांधून येतो तो कागद पाव खाण्याआधी वाचते. लिहिताही येतं, फक्त तिचं अक्षर असं आहे की बघणाऱ्याला वाटावं, खडूने कोणीतरी गोगलगाय काढायला घेतली आणि मधेच जेवायला गेलं.

आणि खडूशिवाय तिचं चालत नाही, नाव त्यावरूनच पडलं. मालकाचं ऐकून झालं, बॅटरी, वायरी, प्लग हाताने बघून झाले की ती आपला अंदाज गॅरेजच्या काळ्या फरशीवर गाडीशेजारी खडूने लिहिते. त्यानंतरच अभ्रा निघतो. अंदाज आणि कोड जुळले तर ठीक. अंदाज चुकला तर ती तो पुसत नाही. त्याभोवती चौकट काढते आणि चौकट येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी झिजेपर्यंत तशीच ठेवते. एकदा एकाने विचारलं, "मावशी, चुका कशाला मांडून ठेवता?" मावशी म्हणाली, "बरोबर आलेलं लक्षात राहतंच की."

अभ्र्याची गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. खाणीवर काम करणारा एक माणूस बेडूक घेऊन आला होता. गाडी चालता चालता गचके देत होती. पडद्यावरचा कोड थ्रॉटलच्या सेन्सरकडे बोट दाखवत होता, मावशीने सेन्सर बदलला. आठ दिवसांनी तो परत आला. तोच गचका, तोच कोड. मावशीने दुसरा सेन्सर बसवला. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा मावशीला लाज वाटली आणि तिने सगळी गाडी उघडली. चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जिथे अर्थिंगची वायर आवळलेली असते, तिथे रंगाचा थर होता. वायर धातूला धड टेकतच नव्हती, आणि बिचारा सेन्सर वायरीच्या वाटच्या शिव्या खात होता. पाच मिनिटांचं काम. खाणीवरचा माणूस रागावला नाही. फक्त हेल्मेट डोक्यावर ठेवत म्हणाला, "ताई, मी तुमच्याकडे वाचून घ्यायला आलो नव्हतो. वाचता मलाही येतं."

ते वाक्य मावशीला असं लागलं की त्याच संध्याकाळी घरातल्या उशीचा अभ्रा निघाला. कोड खोटं बोलत नाही हे ती कधीच नाकारत नाही. "कुठे दुखतंय ते तो सांगतो," ती म्हणते. "का दुखतंय ते नाही सांगत. पोटात दुखतं म्हणून कोणी पोट बदलतं का?" आणि एकदा आकडा डोळ्यांनी बघितला की कान बंद होतात, हा तिचा स्वतःवरचा जुना आरोप आहे.

म्हणून ती मालकाला आवाज काढून दाखवायला लावते. ही शिक्षा कोणालाच चुकलेली नाही. शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी त्या स्टुलावर बसून ओठ थरथरवत "फर्र, फर्र, ठॉक, फर्र" असं केलं आहे. बाईंच्या त्या एका 'ठॉक'वरून मावशीने प्लगची टोपी सैल असल्याचं ओळखलं. फौजदारी वकील आहेत एक, कोर्टात आवाज घुमतो, इथे मात्र कुजबुजले, "घुर्र." मावशी म्हणाली, "साहेब, गाडी इतकी सभ्य नसणार." गाडी बंद पडते म्हटलं की तिचा प्रश्न ठरलेला असतो. "कशी मरते? दिवा गेल्यासारखी, उचकी लागून, की तहानेने?" दिवा गेल्यासारखी म्हणजे वायर. उचकी म्हणजे प्लग. तहान म्हणजे पेट्रोल पोचत नाही.

त्या मंगळवारी सकाळी मधवाले दादा आपला बेडूक घेऊन आले तेव्हा मावशी हातावरचं ग्रीस भुशाने काढत होती. साठीचे, किडकिडीत, मधमाश्यांच्या पेट्या सांभाळणारे. बोलणं इतकं हळू की समोरच्याला आपण बहिरे झालो की काय असं वाटावं. माश्यांशी आयुष्य काढल्यावर माणूस दचकणं सोडतो आणि दुसऱ्यालाही दचकवत नाही. पण त्या दिवशी त्यांच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती.

"ताई, गुरुवारी सकाळी फवारणी आहे," ते बसण्याआधीच म्हणाले.

मावशीने अभ्रा चढवला. "बसा. कसली फवारणी?"

दादांनी सांगितलं ते असं. त्यांच्या अडतीस पेट्या एका फळबागेच्या वरच्या बांधावर होत्या. बागेला कीड लागली होती. बागवाल्याने दादांसाठी फवारणी एकदा पुढे ढकलली होती, आता त्याचा टँकर ठरला होता आणि कीडही थांबणार नव्हती. औषध पानांवर बसतं तसं माश्यांवरही बसतं. पेट्या डोंगराच्या पलीकडे न्यायच्या होत्या. पायवाटेवर टेम्पो जात नाही. हाताने न्यायची तर एका पेटीला दोन माणसं आणि दीड तासाचा चढ. बेडकाच्या मागे ट्रॉली जोडली की एका फेरीत दहा पेट्या जातात. पण पेट्या हलवता येतात फक्त माश्या घरी परतल्यावर, म्हणजे संध्याकाळी तास-दीड तास. मंगळवारची एक संध्याकाळ, बुधवारची एक. आणि बेडूक चढावर मरत होता.

"रोज?"

"रिकामा असला की नाही. भरला की, तिसऱ्या वळणावर. अगदी ठरल्यासारखा. मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेला होता मागच्या आठवड्यात. तिथला साहेब म्हणाला..." इथे दादांनी नकळत मान वाकडी केली, "'काका, मशीन पंप सांगतंय, पंप टाकू या.' टाकला. तिथे तासभर चालवून दाखवला, गुणी बाळासारखा चालला. वर नेला, तिसऱ्या वळणावर मेला."

"आवाज काढा."

दादा लाजले. मग डोळे मिटून, माश्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, त्यांनी आवाज काढला. "घूंऽऽऽ... घूंऽऽ... घूं... घं... हं... ह."

मावशीने मान डोलावली. आजवरच्या स्टुलावरच्या आवाजांत हा पहिल्या तिनांत बसला असता. "तहान," ती म्हणाली आणि उठली. सवयीने टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, झाकण लावलं. बॅटरी बघितली, अर्थिंग बघितलं, एअर फिल्टर झटकून उजेडात धरला. सगळं स्वच्छ. फरशीवर तिने लिहिलं, 'नवा पंप कमी दाबाचा'. मग पंपाच्या नळीला दाबमापक लावला. काटा जिथे असावा तिथे, हाताची घडी घालून बसलेला. मावशीने अक्षरांभोवती चौकट काढली. अभ्रा काढून कोड बघितला. त्याचा अर्थ एवढाच निघाला की इंजिनाला हवा जास्त मिळते, पेट्रोल कमी. तहानच. पण का?

तिने गाडी मागच्या अंगणात पाऊण तास चालवली. दादा कंपाउंडच्या भिंतीला टेकून बघत होते. बेडकाने एकदाही कुरकूर केली नाही.

"तिथेही असंच झालं," दादा म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं नाही, पण मनगट दोनदा चोळलं. "ताई, मी दुसऱ्या कोणाकडे... म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं नाही."

"दुसऱ्याकडेही ती अशीच गुणी वागेल," मावशी म्हणाली. "पाणी प्या."

ती बाहेरून शांत होती. आत मात्र तिला बारा वर्षांपूर्वीचं हेल्मेट दिसत होतं. तेव्हा चूक झाली म्हणून त्या माणसाला पुन्हा यावं लागलं होतं, इतकंच. इथे गुरुवारच्या आत पुन्हा यायला वेळ उरणार नव्हता. ती दादांच्या शेजारी भिंतीला टेकली.

"तिसऱ्या वळणावर मेली की तुम्ही काय करता? एकेक हालचाल सांगा. खाजवलंत तर तेही सांगा."

"काय करणार. ब्रेक लावतो. चाकाला दगड लावतो. उतरतो. टाकी उघडून बघतो पेट्रोल आहे का. असतं. झाकण लावतो, बटण दाबतो, चालू होते."

"लगेच?"

"लगेच. मग पुन्हा पंधरा-वीस मिनिटांनी मरते."

मावशी भिंतीपासून सरळ झाली. "झाकण उघडताना आवाज येतो?"

दादांनी विचार केला. "सूऽऽ असा येतो."

"सोड्याच्या बाटलीसारखा बाहेर, की गरम चहाचा घोट ओढल्यासारखा आत?"

दादांनी मनातल्या मनात दोन्ही करून बघितले, त्यांचे गाल आधी फुगले आणि मग आत गेले. "आत," ते म्हणाले. "नक्की आत."

मावशी हसली नाही, पण तिचा चालण्याचा वेग बदलला. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं, तशी तेवढी हवा आत यावी लागते. ती आलीच नाही तर टाकी आतून ओढून धरते आणि पंप कितीही नवा असला तरी पेट्रोल सुटत नाही. रिकामी गाडी पेट्रोल कमी पिते, म्हणून वेळ लागतो. भरलेली चढाला घटाघटा पिते, म्हणून तिसरं वळण. आणि जो कोणी गाडी तपासायला घेतो तो सगळ्यात आधी काय करतो, तर झाकण उघडून पेट्रोल बघतो.

"म्हणजे चोर पकडायला आम्ही सगळे निघालो," मावशी पुटपुटली, "आणि प्रत्येकाने आधी त्याला मागचं दार उघडून दिलं. मीसुद्धा, सकाळी सकाळी."

तिने खडू घेतला आणि चौकटीशेजारी एकच शब्द लिहिला, 'नाक'.

टाकीच्या झाकणावरून एक बारीक रबरी नळी निघते आणि हँडलच्या खाली कुठेतरी तोंड लपवून बसते. हवा तिथून आत जाते. मावशीने ती बोटांनी चाचपत शेवटापर्यंत नेली आणि थांबली. नळीच्या तोंडात काहीतरी पिवळसर, गुळगुळीत, अंगठ्याने नीट दाबून बसवलेलं होतं. तिने नखाने थोडं खरवडलं, नाकाशी नेलं. मग ते बोट दादांच्या नाकाशी नेलं.

दादांनी वास घेतला. आपल्या हातचं मेण ते ओळखणार नाहीत तर कोण.

"हे कोणी केलं?" मावशीने विचारलं, खरं तर तिला उत्तर दिसत होतं.

दादा आपल्या बुटांशी बोलले. "त्यांना पेट्रोलचा वास सोसत नाही. उकाड्यात पेट्या लादल्या की नळीतून वास यायचा आणि त्या चिडायच्या. भणभण करायच्या, डसायच्या. मी शोधलं वास कुठून येतो ते. नळी कशाची ते माहीत नव्हतं. वाटलं, काहीतरी गळतंय, बूच मारू."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

"आणि गाडी मरायला कधी लागली?"

दादांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं हे सांगणं अवघड आहे. माणूस स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतो आणि आजूबाजूला कोणी ढकललं म्हणून बघतो, तसं काहीतरी. "सेंटरला मला कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

"तुम्हीही सांगितलं नाही."

"सांगण्यासारखं वाटलं नाही. माश्यांची गोष्ट ती, गाडीची नाही."

"काम छान झालंय," मावशी म्हणाली. "इतकं घट्ट बूच मी रबराचंही पाहिलं नाही."

दादा पहिल्यांदा हसले. त्यात सुटका होती आणि थोडी शरमही.

मावशीने नळीचं मेणाचं टोक कापून टाकलं, उरलेल्या नळीत तोंडाने फुंकर मारून हवा पलीकडे जाते का बघितलं. वासाचा प्रश्न दादांचा खरा होता, तो तिने हसण्यावारी नेला नाही. नव्या नळीचा हातभर तुकडा जोडून तिने तिचं तोंड पुढच्या जाळीखाली, ट्रॉलीपासून जितकं लांब नेता येईल तितकं लांब, खाली वळवून बांधलं. आणि मग म्हणाली, "हे सगळं इथे बरोबर आहे. वर आहे का ते वरच कळेल. संध्याकाळी मी येते."

मावशीची एक भाची शाळेनंतर तिच्याकडेच असते. हे लिहिणारी तीच. त्या दुपारी तिने फरशीवरचं 'नाक' वाचलं आणि नळीची हकिगत ऐकून तिला काही ते पटलं नाही. एवढ्याशा मेणाने एवढा मोठा बेडूक मरतो? पंप बदलला, कोड तोच, तर बिघाड पडद्यामागे तारांतच असणार, असं तिने छातीठोकपणे सांगितलं. गाडी तिसऱ्या वळणावर मरणार म्हणजे मरणार.

"लागली पैज," मावशी म्हणाली. "गाडी मेली तर अभ्रा धुऊन कपाटात. पुन्हा काढणार नाही. वर पोचली तर महिनाभर तू माझी नक्कल करायची नाहीस. आत्ता मी बोलतेय तेव्हा मागे ओठ हलतायत ते दिसतायत मला. तेसुद्धा नाही."

उन्हं कलल्यावर दादांनी धुराच्या डब्याने माश्यांना शांत केलं, शेवटच्या परतलेल्या माश्या आत गेल्या तशी पेट्यांची दारं लावली. दहा पेट्या ट्रॉलीवर आवळल्या. मावशी हँडलवर बसली, दादा ट्रॉलीच्या बाजूने चालत. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मावशी वेग वाढवत नव्हती, कमीही करत नव्हती, तिचं सगळं लक्ष तळहातांत होतं. रबराच्या मुठीतून इंजिन वर येत होतं, जाड, सलग. पेट्यांतून तसाच एक गुणगुणता आवाज येत होता, आणि चढावर एक वेळ अशी आली की कुठला आवाज कोणाचा ते तिला कळेना. तिसऱ्या वळणावर दादांचा हात सवयीने रस्त्याकडेच्या दगडाकडे गेला. ते वाकले, दगड उचलला, आणि गाडी पुढे निघून गेली. पुढचं सगळं अंतर ते तो दगड हातात घेऊनच चालले.

वर पोचल्यावर मावशीने इंजिन बंद केलं आणि कान टाकीला लावून झाकण उघडलं. सूऽऽ नाही. काही नाही. तिने झाकण लावलं आणि म्हणाली, "दादा, दगड ठेवा आता."

त्या संध्याकाळी दोन फेऱ्या झाल्या, बुधवारी दोन. शेवटच्या फेरीला आठच पेट्या होत्या आणि बेडूक चढावर नाचत गेल्यासारखा गेला. गुरुवारी सकाळी टँकर बागेत शिरला तेव्हा वरचा बांध रिकामा होता. गवतावर पेट्यांचे अडतीस पिवळे चौकोन तेवढे राहिले होते.

भाची पैज हरली. अटीप्रमाणे तिने तोंड शिवून घेतलं, आणि नेमकं शनिवारी, बेडूक बरा झाल्याचं ऐकून, मोठ्या सेंटरचे साहेब गॅरेजात आले. टाय, कोरे बूट, मान वाकडी. "मॅडम, मशीनने आम्हाला पंपच सांगितला होता. तुमच्याकडे कुठलं मशीन आहे?" मावशीने खिळ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी अभ्रा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, कंपनीचं नाव शोधलं, आणि "इंटरेस्टिंग" म्हणून गेले.

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मावशी थांबली. मग स्टूल पुढे ओढून त्यावर स्वतः बसली.

"हं, करून दाखव."

"पैज आहे," भाची म्हणाली.

"पैज माझी नक्कल करायची नाही अशी होती," मावशी म्हणाली. "त्याची कर. मानेपासून सुरू कर."